लहान पुडीतली सरकी

नर्सबाईच्या पिशवीत एक नरसाळं राहे. तेल ओतायचं राह्यते ना, तसंच, पण जर्मनचं अन् लांबुळकं. त्याचं रुंद तोंड ती माह्या पोटावर ठेवे, दुसऱ्या तोंडाले आपला कान लावे अन् हात वर करे. हात वर झाला का अंगणवाडीतल्या बाया गप. पोरं बोंबलत राहत ते राहत, पण बाया गप. मी वर टिनाकडं पाहत राहो अन् माह्या मनात एकच, का हिले आत ऐकू येते तरी काय? रडते का ते? का झोपीत घोरते?

एक डाव मी विचारलंच. "बाई, काय आवाज येते जी?"

नर्सबाई म्हणे, "सांगतंय की माझ्या आईला जरा गप्प बसवा."

बाया लय हासल्या. मलेबी हासू आलं, पण माह्या प्रश्नाचं उत्तर काही भेटलं नाई.

मी सातवीपर्यंत शिकली. आठवीची शाळा हायवेच्या पलीकडं होती अन् ट्रका अशा सुसाट जात का बापानं म्हटलं, झालं तेवढं बस. म्हणून मले सगळं अर्धं अर्धं माहीत. लेकरू पोटात पाण्याच्या पिशवीत राह्यते हे माहीत, पण मंग ते बुडत काहून नाई हे नाई माहीत. भाकर थापता थापता मले हे असं सुचे अन् मी आत्याबाईले विचारो. आत्याबाई म्हंजे माह्या सासूबाई.

त्या म्हणत, "अवं, माह्ये सात झाले. म्या एकाबी डाव नाई इचारलं का बुडते का तरते. आले आपोआप बाहीर."

अन् मंग चुलीतलं लाकूड मागं सारत, थोड्या वेळानं, "दोन नाई राह्यले."

तेवढंच म्हणत. मले त्याचं लय भेव वाटे. दिवसभर मनात तेच चाले, का ते दोन काहून नाई राह्यले, काय झालं असन, आत्याबाईनं काय केलं असन का काय नाई केलं असन. पण हे विचारायची हिंमत मलेबी नाई झाली.

मले तवा दम लागे. हापशीवरून एक गुंडभर पाणी, एक घागर म्हणा ना, आणलं का ओट्यावर बसाच लागे, छाती अशी भात्यासारखी चाले अन् डोळ्यापुढं बारीक बारीक चांदण्या. नर्सबाईनं बोटाले टोचून रक्त काचेच्या नळीत घेतलं, दारातल्या उजेडात धरून पाह्यलं अन् म्हणे रक्त कमी आहे तुझं, ह्या लाल गोळ्या रोज घ्यायच्या, जेवल्यावर, पण चहाबरोबर नाही.

"चहासंगं काहून नाई?"

"गोळीत लोखंड असतं. चहा ते अंगाला लागू देत नाही."

घरी येऊन मी चहाच्या गाळणीकडं लय वेळ पाह्यलं. गाळणीबी लोखंडाचीच ना. मंग तिले कसं काई होत नाई? दोन-तीन दिवसानं परसाकडे काळंभोर झालं. मले वाटलं आतमधून जळून राह्यली मी. धावत गेली नर्सबाईकडं, धापा टाकत, तर ती म्हणे, गोळीनं होतं तसं, सगळ्यांनाच होतं, घेत राहा. मी घेत राह्यली. पण तेवढ्यानं आत्याबाईचं समाधान होये ना.

"गोळ्याईनं का कोनाचं आंग भरलं? बोरूच्या काडीसारखी तू. दूध कुठून येईन तुले?"

अन् मंग त्याईच्या मनात सरकीची खीर आली.

सरकी म्हंजे कापसाचं बी. आत्याबाईच्या माहेरी बाळंतिणीले सरकी देत. भिजू घालायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळून दूध काढायचं, त्यात गूळ घालून शिजवायचं. त्याच्यानं आईले दूध सुटते म्हणे. बाळंतपणानंतरची गोष्ट ते, पण माह्याकडं पाहून त्याईनं ठरवलं का हिले आतापासूनच द्यावं, म्हंजे येळेवर कमी नाई पडाचं.

पण सरकी आणाची कुठून? लोकाईले वाटते कापूसवाल्याच्या घरी सरकी राहणारच. नाई राहत. कापूस बियासकट गाडीत भरून जिनिंगले जाये अन् सरकी तिकडंच. पहिले बैल होते तवा ढेपीसंगं सरकीबी ये घरी, पण बैल आदल्या सालीच विकले होते. कापसात काई उरतच नव्हतं तवा. माह्ये घरवाले वावर मामाजीवर, म्हंजे सासऱ्यावर, सोडून हायवेच्या फाट्यावर पंक्चरच्या दुकानात लागले होते, कारण का टायर तरी रोज फुटतात, म्हणत. अन् दिवस पावसाळ्याचे, घरात बोंडभर कापूस नाई.

आत्याबाईले लहान पुड्या आठवल्या.

त्या साली सगळ्याईनं नवं बियाणं लावलं होतं, बोंडअळी लागत नाई म्हणत ते. मोठ्या पाकिटासंगं एक लहान पुडी ये. दुकानदार सांगे का हे साधं बियाणं आहे, हे वावराच्या कडंकडंनं लावा, अळीले खायाले. लोक हासत. अळीले खायाले म्हणून कोण पेरते? कडंलेबी मोठ्या पाकिटातलंच लावत अन् लहान पुडी कोणी उकिरड्यावर फेके, कोणाची तशीच खुंटीले. आत्याबाई तर काईच फेकत नाईत. आमच्या पुड्या होत्याच, त्याईनं चुलत जावेकडच्याबी मागून आणल्या.

त्याईनं विचार केला होता, असं नाई का नाई केला. मले बसवून सांगतलं त्याईनं.

"हे पाह्य, मोठ्या पाकिटातल्या बियात दवाई राह्यते. त्याच्या झाडाचं पान खाल्लं का अळी मरते. ते आपुन नाई खाचं. पन हे लहान पुडीतलं साधं. याचं पान अळी मजेनं खाते अन् फुगते. अळीले नाई होत तर मानसाले काय होते?"

मले पटलं. खरं सांगू का, आजबी मी ते मनात घोळवलं तर पटल्यासारखंच वाटते.

बी गुलाबी होतं. असं दाट गुलाबी, हात लावला का बोटाले रंग. मी म्हटलं, "आत्याबाई, याले रंग काहून लावते?"

"बडीशोपच्या गोळ्याईले काहून लावते? चांगलं दिसाव म्हून."

मी शोधत राह्यली मनात. गोळ्या खायाच्या राह्यतेत, त्याईचं चांगलं दिसणं समजते. पण मातीत गाडाचं त्याले चांगलं दिसून काय करायचं? रात्री घरवाल्याईले विचारलं तर ते म्हणे, "कंपनीचा माल असली का नकली ते कळाव म्हणून असन. झोप वं आता."

आत्याबाईनं तीन पाण्यानं धुतलं. पहिलं पाणी गुलाबी आलं, दुसरं फिकं, तिसरं जवळपास पाण्यासारखं. मंग खीर. विलायची घातली होती त्याईनं, आमच्या घरी विलायची दिवाळीलेच निघे. थोडासा दवाईचा वास ये मागून, पण गोड होती अन् मले लय आवडली. एक दिवसाआड एक वाटी. मी चाटून पुसून खाओ अन् आत्याबाई समोर बसून पाहत. लग्नानंतर मले असं समोर बसून कोणी खाऊ घातलं नव्हतं.

मधात मले घाम फुटे, उमासे येत, तोंडाले पाणी सुटे. पण पोटुशीले होत नाई असं काय आहे? कोणाले काई वाटलं नाई. मलेबी नाई.

मंग नर्सबाईचा दिवस आला. वजन केलं तर तेवढंच. ती माह्या दंडाले ते रक्तदाबाचं फडकं गुंडाळता गुंडाळता म्हणे, "वाढत का नाहीस गं तू? खातेस काय?"

मी भाकर सांगतली, वरण सांगतलं, आंबाडीची भाजी सांगतली. अन् मंग मोठ्या खुशीत म्हटलं, "अन् खीर. सरकीची."

"सरकी? या दिवसात कुठून आणली?"

"घरचीच आहे जी. लहान पुडीतली. गुलाबीवाली. धुवून घेतो आमी."

तिचा हात थांबला. फडकं अर्धं गुंडाळलेलं तसंच. ओरडली नाई ती. खालच्या आवाजात एकेक विचारलं. किती दिवस झाले? उमासे येतात? घाम? तोंडाला पाणी सुटतं? मी हो म्हणत गेली, हो, हो, हो, अन् मले शाळेतल्यावाणी वाटत होतं का आज सगळ्या प्रश्नाईचे उत्तरं बरोबर येऊन राह्यले.

"बाळ हललं का आज?"

याचं उत्तर मले आलं नाई. आज सकाळी मी सारवत होती, मंग धुणं. हाललं होतं का? काल तर... काल का परवा?

"आठव."

"नाई आठवत जी."

तिनं मले सतरंजीवर आडवं केलं अन् नरसाळं काढलं. इकडं ठेवलं, तिकडं ठेवलं. मी टिनाकडं नाई पाह्यलं त्या डाव, तिच्या तोंडाकडं पाह्यलं. तिनं डोळे मिटले होते. कोणी हात वर नव्हता केला तरी बाया गप होत्या.

"येतात," ती म्हणे. "ठोके येतात. पण माझ्या कानावर मी नाही सोडणार हे. आत्ताच्या आत्ता पांढरकवड्याला जा, सरकारी दवाखान्यात. सासूला बोलव."

आत्याबाई आल्या, हाताले पीठ तसंच. नर्सबाईनं त्याईले बसवून सांगतलं. "आजी, तो नुसता रंग नव्हे. जमिनीत बियाला कीड लागू नये म्हणून वरून विष चोपडतात. मोठ्या पाकिटातल्याला चोपडतात, लहान पुडीतल्यालाही चोपडतात. आणि रंग त्याच्यासाठीच देतात, की कोणी चुकून खाऊ नये."

माह्या डोक्यात पहिले हेच आलं, का बापा, एवढं साधं होतं याचं उत्तर.

आत्याबाई म्हणे, "पन म्या तीन पान्यानं धुतलं."

"धुतल्यानं जात नाही ते सगळं."

आत्याबाई उगीच्या उगी आपल्या हाताचं पीठ झाडत राह्यल्या. मंग म्हणे, "एक पुडी राह्यली हाये. आनू का?"

"आणा. डॉक्टरला दाखवा. तिच्यावर विषाचं नाव असतं."

फाट्यावर पोचेपर्यंत मले चार डाव बसा लागलं. घरवाले टायर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होते. आत्याबाईनं काय सांगतलं, कसं सांगतलं, मले आठवत नाई. त्याईनं टायर तसंच सोडलं अन् ज्याचं चाक लावून झालं होतं त्या ट्रकवाल्याले हात जोडले. हरियाणाकडचा होता कोणी. तो म्हणे, "चढो माताजी, चढो. ऐ भाई, बहन को आराम से." घरवाले मागून कोणाची तरी फटफटी घेऊन येतो म्हणे.

मी कधी ट्रकात नाई बसली होती. इतकं भेव होतं तरी मी पाहत होती, काय करू. एवढ्या वरून सगळं दिसे. लोकाईच्या छपरावरचे कवेलू वरून दिसत. आमचं वावरबी दिसलं, हिरवं, एकसारखं. आत्याबाईनं एका हातानं दांडी पकडली होती अन् दुसरा हात माह्या पोटावर.

"हाललं का वं?"

"समजून नाई राह्यलं, आत्याबाई. गाडीच हालते."

खरंच. ट्रक असा थरथरे का दात वाजत. माह्यं पोट हाले, हात हाले, आत्याबाईचा पदर हाले. त्यात लेकराचं कोणतं अन् ट्रकाचं कोणतं? मले रडू आलं. मी म्हटलं, "भाऊ, एक मिनिट गाडी बंद करा ना."

ड्रायव्हरनं माह्याकडं पाह्यलं, आत्याबाईच्या हाताकडं पाह्यलं. ट्रक कडंले घेतला अन् इंजिन बंद केलं. एकदम असं सुनसान झालं. आमी तिघं समोर काचाकडं पाहत बसलो. शेजारून दुसऱ्या गाड्या गेल्या का थोडं हाले, मंग पुन्हा शांत. ड्रायव्हरबी श्वास रोकून बसला होता.

काई नाई.

मंग एकदम बारीकसं, उजव्या बाजूले, जसं कोणी आतून चिमटीनं ओढलं. एकच डाव. मले वाटलं झालं. मंग वाटलं का मलेच वाटलं.

"झालं?" आत्याबाई म्हणे.

"काय माहीत."

"हुआ क्या?" ड्रायव्हर म्हणे.

"पता नहीं, भाऊ. चलो."

दवाखान्यातली डॉक्टरीण माह्याच वयाची असन, नाई तर एक-दोन सालानं मोठी. डोळ्यात टॉर्च मारला, जीभ पाह्यली, नाडी धरली. म्हणे, "हे दिलं कोणी खायला?"

मी तोंड उघडाच्या आत आत्याबाई बोलल्या, एवढ्या जोरानं का पलीकडच्या खाटीवरच्या बाया उठून बसल्या. "म्या देल्लं. म्याच वाटलं, म्याच शिजोलं. हिले काई माईत नाई." अन् मंग आवाज पडला त्याईचा. "लहान पुडीत दवाई नसते ना बाई. अळी मरत नाई त्याच्यानं."

डॉक्टरणीनं आत्याबाईच्या हातातली पुडी घेतली. पुडी उलटी करून मागचं बारीक वाचलं अन् फोन कराले गेली मोठ्या डॉक्टराले. आली तवा तिच्या हातात एक लहान मशीन होतं, साबणाच्या वडीएवढं, अन् त्याले वायरीनं जोडलेलं एक बोंडूक, माइकच्या तोंडासारखं. पोटावर थंडगार काईतरी लावलं अन् ते बोंडूक फिरवाले लागली. पहिले नुसती खरखर आली. मंग अजून खरखर. मी आत्याबाईकडं नाई पाह्यलं, त्याईनं माह्याकडं नाई पाह्यलं.

अन् मंग ते आलं. जसं नाल्यावर कोणी धुणं आपटून राह्यलं, दुरून, पण घाईघाईत, जसं का त्याले कुठं जायाचं आहे.

"हे काय वाजून राह्यलं?" आत्याबाई म्हणे.

"बाळाचं हृदय, आजी."

"येवढ्या जोरानं? पयते का ते?"

"सगळ्याच बाळांचं असं पळतं."

मी म्हटलं, "मंग थकत काहून नाई?"

डॉक्टरीण हासली. आल्यापासून पहिल्या डाव. मंग ती खाटीवर बसली अन् समजावून सांगतलं तिनं. ठोके चांगले आहेत. पण काहीच झालं नाही असं मी आज म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. दोन दिवस इथं राहा. मग यवतमाळला सोनोग्राफी. लाल गोळ्या सोडायच्या नाहीत. सरकी साधी असली तरी पोटुशीनं खायची नाही. जेवून झालं की डाव्या कुशीवर पडायचं, हात ठेवायचा, हलतं का पाहायचं, आणि कमी वाटलं तर उद्याची वाट पाहायची नाही, निघायचं. बाळंतपण दवाखान्यातच.

आत्याबाईनं प्रत्येक गोष्टीले हो म्हणून मान हालवली. आमच्या गावात तवा बाळंतपणं घरीच होत, तरी.

सोनोग्राफीत यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं हात आहेत, पाय आहेत, डोकं बरोबर आहे. मले पडद्यावर नुसता धूर दिसला. मी विचारलं हात कुठं आहे, त्यानं दाखवला, मले तरी धूरच दिसला. आत्याबाईले घरी येऊन सांगतलं तर त्या म्हणे, "धुरात काय दिसते?"

तवापासून त्या माह्याशी कमी बोलत. रागावल्या नव्हत्या. जेवण वाढत, अन् माह्यं जेवण झालं का दारात येऊन उभ्या राहत.

"हाललं?"

"हाललं."

मंग जात. एखाद्या दिवशी मी झोपली असली तर उठवून विचारत. विलायचीची डबी त्याईनं कुठं ठेवली काय माहीत, दिवाळीलेबी निघाली नाई.

कापूस फुटला होता, वेचणी चालू होती, तवा मले कळा आल्या. काळीपिवळी जीपीत बसवून पांढरकवड्याले नेलं. त्या दुखण्याचं मी काई सांगत नाई, ते सगळ्या बायाईले माहीत आहे. पण मले धाप लागली होती ना, तर मी मधातबी सिस्टरले विचारत होती, आता कुठपर्यंत आलं, आता काय करून राह्यले तुमी, अन् ती म्हणे, "बाई, तू लोट, मी सांगते नंतर."

पोरगी झाली. रडली. सिस्टरनं पुसून माह्या बाजूले ठेवली.

आत्याबाई दारातच होत्या. आत पाय टाकेनात.

मी म्हटलं, "आत्याबाई, या ना आत."

"तू पाह्य पहिले."

"मी पाह्यलं."

"मंग सांग."

"पोरगी झाली."

"ते नाई इचारलं म्या."

मले समजलं. मी फडकं सोडलं अन् पोरीचा एक हात वर केला, बोटं उघडून दाखवली. मंग दुसरा हात. मंग पाय. ती भल्ली चिडली, तोंड फाडून रडाले लागली, तर आतून टाळूबी दिसली. तवा कुठं आत्याबाई आल्या. त्याईनं तिले घेतलं नाई, वाकून पाह्यलं नुसतं, कानामागं, काखेत, तळपायाले. लय वेळ. दवाखान्यातली बाई झाडू घेऊन आली ती त्याईच्या बाजूनं झाडून निघून गेली.

पोरगी आता चालते. थोडी उशिरा चालाले लागली, बाकीच्या पोराईपेक्षा. ते त्या खिरीनं का असंच, हे मले समजत नाई. नर्सबाईले विचारलं तर ती म्हणे, काही पोरं चालतात उशिरा, तुझं रक्तही कमी होतं, नुसतं त्या एका गोष्टीवर नको ढकलू. मंग तिची बदली झाली, नवीन आली, मी तिलेबी विचारलं. पांढरकवड्याले गेली तवा तिथंबी विचारलं. कोणी छातीठोक सांगत नाई.

घरवाले म्हणतात, "पुरे आता, धावते ना ती?" पण मी अंगणवाडीतून घरी आली का आत्याबाई हातातलं काम सोडून उंबऱ्यापर्यंत येतात अन् पोरीले कडेवर घेता घेता हळूच म्हणतात,

"काय सांगतलं वं बाईनं?"